हळदीत धुतलेली अंडी

पांढरी कोंबडी आज सकाळपासून खाली उतरलेली नाही. गिरणीच्या खोलीत रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर ती पसरून बसली आहे. हात पुढे केला की अंग फुगवते, घशातल्या घशात कुरकुरते, आणि तरीही हात मागे घेतला नाही तर चोच मारते. तिच्या पोटाखाली एकही अंडं नाही. तिची अंडी मी परवाच काढून मशीनमध्ये लावली. तरीही ती बसली आहे. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायच्या मनाची झाली, की खाली काय आहे याच्याशी तिला देणंघेणं राहत नाही. तिला बसायचं असतं, एवढंच.

मला नेमकं तेवढंच जमत नाही. सकाळी चहाच्या आधी दिवसाची कामं कागदावर मांडायची, एकेक उरकायचं, त्यावर रेघ ओढायची, असा माझा जन्म गेला. जेवतानासुद्धा माझा एक पाय उंबऱ्याकडे वळलेला असतो, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. त्यामुळे पांढरीकडे बघितलं की मला उगाच राग येतो. आणि राग ओसरला की गेल्या वर्षीचे हळदीचे दिवस आठवतात. मग कागदावर पुढचं काम काय लिहिलंय ते दिसेनासं होतं.

अंडी उबवायचं मशीन म्हणजे फार मोठं काही नाही. लाकडी कपाट, आतून थर्माकोल, बल्ब, पंखा, तळाशी पाण्याचा ट्रे, बाहेर तापमानाचे लाल आकडे. औंढ्याच्या बाजूला आमचं गाव. गावातल्या आणि पलीकडच्या बंजारा तांड्यावरच्या बायका मला अंडी आणून देतात, एकवीस दिवसांनी पिल्लं घेऊन जातात. कपाटाचं दार उघडलं की ऊबदार, दमट हवा तोंडावर येते आणि आतून इवल्या चोचींची टकटक ऐकू येते. मशीनला स्वभाव नाही, ते रुसत नाही, म्हणून मला ते आवडतं. फक्त वीज गेली की माझा जीव वरखाली होतो. इन्व्हर्टर घेतला, तरी होतो. हे म्हणतात, “मशीनीपेक्षा तूच जास्त तापून राहिली.”

हळदीचे दिवस आमच्याकडे वासावरून कळतात. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी मिळणाऱ्या शिवारात जागोजाग कुकर लागतात, ओली हळद वाफेवर शिजते, आणि तो मातीचा, किंचित कडवट वास कपड्यांत, केसांत, चहाच्या कपात, उशीच्या अभ्र्यात जाऊन बसतो. पायाचे तळवे पिवळे, बांधावरच्या कुत्र्याचे पंजे पिवळे, मोबाइलची काचसुद्धा कडेनं पिवळी. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या आमच्या छपराजवळ, शिजलेली हळद उन्हात पसरलेली असते आणि तिच्यातून चालताना खुळखुळ वाजतं. या दिवसांत मला फार कामं असतात आणि मी फार सुखात असते.

गेल्या वर्षी त्याच दिवसांत तांड्यावर मानमोडी आली. कोंबड्यांचा तो रोग. मान पिळल्यासारखी वळते, कोंबडी गोल गोल फिरते आणि पडते. माझ्या कोंबड्यांना मी लस टोचून घेतली होती. तांड्यावर मात्र आठवड्याच्या आत एकही घर वाचलं नाही. पहाटेची बांग बंद झाली, ते मला इकडे शेतातही जाणवलं.

जमनाबाई त्याच तांड्यावरची. कितीतरी वर्षं ती आमच्या हळदीला येते. वयानं माझ्याच बरोबरीची. त्या सकाळी ती कामाच्या वेळेआधी आखाड्यावर आली. डोक्यावर टोपली, टोपलीत ज्वारी, आणि ज्वारीत रोवून ठेवलेली अंडी. पिवळीजर्द.

“बाई, एवढी मशीनीत घाला.”

“हे पिवळं काय लावलंस?”

“हळदीच्या पाण्यानं धुतली ना. बिमारीच्या घरची अंडी हायत. तुमच्या मशीनीत चार घरची राहतात, माझ्यापायी कुणाला तकलीफ नको. चांगली घासून घासून धुतली, अन् नव्या फडक्यानं पुसली.”

मी खालीच बसले. अंड्याच्या कवचावर एक पातळ, न दिसणारा थर असतो. तो आहे तोवर आतला जीव सुरक्षित. पाण्यानं घासला की तो जातो, घाण आत शिरते, आणि उबेत ठेवलेलं अंडं नासतं. मशीनमध्ये फुटलं तर शेजारची अंडीही घेऊन जातं. अंडी आणणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे सांगते. जमनाबाईनं आजवर कधी मशीनमध्ये अंडी दिलीच नव्हती. तिच्या कोंबड्या स्वतः बसायच्या. मग तिला कुणी सांगायचं? आणि आमच्या भागात जखमेला हळद, नवरीला हळद, नव्या वासराच्या कपाळाला हळद. अंडी निर्मळ करायची तर तिनं दुसरं काय घ्यायला हवं होतं?

तरी मी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. ती टोपलीकडे बघत राहिली.

“म्हंजे रोगानं सोडलेली मी मारली व्हय?”

“मारली असं नाही. काही निघतील.”

“काही म्हंजे किती?”

मी टोपलीतली अंडी मोजायला लागले.

मग तिनं हळदीच्या ढिगाला टेकून सांगितलं. तिचं माहेर साखऱ्याकडच्या तांड्यावर. लग्न होऊन निघाली तेव्हा तिच्या आईनं, तिच्या बोलीत याडीनं, एक काळी कोंबडी टोपलीत घालून तिच्या मांडीवर ठेवली. उघड्या मानेची, ज्यांच्या मानेवर पिसंच येत नाहीत, त्या जातीची. म्हणाली, “सासरी कुणी बोललं न्हाई, तर हिच्याशी बोल.” एसटीत शेजारच्या बाईनं नाक मुरडलं, म्हणून जमनाबाईनं ती सगळ्या वाटेवर पदराखाली धरली होती. त्यानंतर तिच्या दारात जेवढ्या कोंबड्या झाल्या, त्या सगळ्या त्या एकीच्या. बहिणींकडेही तशाच होत्या, त्याही संपल्या. आई तर केव्हाच गेली. आणि जमनाबाईच्या लेकीचं, पूजाचं, लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरलं होतं.

“भांडी देईन, साड्या देईन. पण याडीची कोंबडी न्हाई दिली, तर पोरीला म्या काय दिलं?”

टोपलीत अकरा अंडी होती. तिच्या आईचं एवढंच उरलं होतं.

मशीनमध्ये ती घालणं शक्य नव्हतं. त्यात दुसऱ्या घरांची अंडी होती. उरली खुडूक कोंबडी. माझ्याकडे तेव्हा एकच होती, तांबडी. आणि त्या दिवशी सकाळीच, तिचं बसणं मोडावं म्हणून, मी तिला हौदाच्या गार पाण्यात बुडवून काढलं होतं. खुडूकपण उतरवायचा हा जुना उपाय. उतरलं की आठ-दहा दिवसांनी कोंबडी परत अंडी द्यायला लागते. तांबडी तुरीच्या काडाखाली बसून पिसं वाळवत होती आणि माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती.

हे कुकरजवळून ओरडले, “अंड्यांना हळद लागली म्हणं! आता नवरी कुठाय?”

“नवरीला मी सकाळीच बुडवलं.”

“मंग काढ आता समजूत!”

आखाड्याच्या कोपऱ्यात, बाकी कोंबड्यांपासून लांब, आम्ही गवताचं घरटं केलं. जमनाबाईनं गवताखाली मोडक्या विळ्याचा तुकडा सरकवला. वीज कडाडली तर अंड्यातल्या जिवाला धक्का बसू नये म्हणून लोखंड ठेवतात.

“त्यानं काही होत नाही,” मी म्हणाले.

“व्हत न्हाई, तर असू द्या ना.”

तांबडीला आणून सोडलं. तिनं पिवळ्या अंड्यांकडे आधी एका डोळ्यानं बघितलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं. मग ती सरळ चालायला लागली. आम्ही परत आणलं. ती परत चालली. दुपारपर्यंत हेच. जमनाबाई हळद पसरता पसरता मान वळवायची, मी कुकरची वाफ बघता बघता मान वळवायची, आणि दोघींना दिसायचं ते रिकामं घरटं. शेवटी आम्ही जेवायला बसलो, आमचं लक्ष भाकरीत गेलं, आणि उठून बघतो तर तांबडी घरट्यात. पोटाखाली चोचीनं एकेक अंडं ओढून घेत होती. जमनाबाईनं माझं मनगट धरलं. तिच्या हाताची हळद माझ्या बांगड्यांना लागली ती आठवडाभर गेली नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. हे काम कागदावर कसं लिहायचं, ते मला आजही कळलेलं नाही. त्याला सुरुवात नाही, मधला टप्पा नाही, अर्धं झालं असं म्हणता येत नाही. मशीनपुढे निदान आकडे तरी असतात. कमीजास्त झाले तर काही करता येतं. तांबडीपुढे मी करण्यासारखं काहीच नव्हतं. पाणी ठेवलेलं, कण्या ठेवलेल्या. दिवसातून एकदा ती उठायची, घाईघाईत खायची, धुळीत लोळायची, परत जाऊन बसायची. आणि मी दर तासाला काहीतरी निमित्त काढून त्या कोपऱ्यात. घरट्यावर ठेवलेलं बांबूचं डालं सरळ कर, गवत सारखं कर, सावलीला पोतं लाव.

“शाळा तपासायला येतात तसं तू काहून तिच्यापुढं येऊन राहिली?” हे म्हणाले. “तू अशीच फिरत राहिलीस, तर पिल्लं अंड्यातूनच विचारतील, बाई गेल्या का म्हणून.”

आठवड्यानं मी मोबाइलच्या उजेडात अंडी धरून बघितली. जिवंत अंड्यात लाल धाग्यांची जाळी दिसते, मधोमध एक ठिपका हलतो. सहा अंड्यांत काहीच नव्हतं, किंवा नुसता काळा गढूळ डाग होता. पाचांत धागे होते. सहा अंडी लांब नेऊन पुरली; खड्ड्यात टाकताना एक फुटलं आणि मी नाकाला पदर लावून माती ओढली. जमनाबाईला सांगायचं कसं, याचा विचार करत मी पूर्ण शेत फिरून आले, आणि शेवटी नेहमीसारखं एका वाक्यात सांगितलं.

ती म्हणाली, “पाच हायत ना? आमीबी पाच बहिणीच व्हतो.” आणि हळद उचलायला लागली. पण त्या दिवशी तिनं एकही गाणं म्हटलं नाही. एरवी तिच्या गाण्याचा आम्हाला कंटाळा यायचा.

आणखी काही दिवसांनी अवकाळी पाऊस आला. दुपारचं ऊन एकदम राखाडी झालं, लांबून पत्रे वाजल्यासारखं गडगडलं, आणि आखाड्यावर एकच धावपळ उडाली. शिजवलेली हळद उघड्यावर पसरलेली. तिला पाणी लागलं तर रंग उतरतो, वर्षाची मेहनत जाते. “ताडपत्री! ताडपत्री धरा!” मी ओरडत होते. एका टोकाला हे, एका टोकाला दोघी मजूरबाया, तिसऱ्या टोकाला मी. चौथं टोक जमनाबाईचं होतं. ते टोक वाऱ्यात फडफडत राहिलं.

मी वळून बघितलं. जमनाबाई पळत होती ती उलट्या दिशेनं. छपराच्या कोपऱ्याचा कूड वाऱ्यानं एका बाजूला झुकला होता. डाल्याला पाठ लावून ती खाली बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढला, आणि तिथून हलली नाही. वीज कडाडली की तिचा हात डाल्याच्या फटीतून आत जायचा. गारा लागल्या. त्या तिच्या पाठीवर पडताना मला दिसत होत्या. मी दगड शोधत होते, ताडपत्रीवर ठेवायला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्या अर्ध्या तासात मी किती धावले त्याला सुमार नाही आणि ती इंचभरही हलली नाही.

पाऊस थांबला. चौथ्या टोकाखालची हळद भिजली होती. हे पाय आपटत छपराच्या कोपऱ्याकडे निघाले. मला वाटलं, आता बोलतील. तिथे जाऊन ते उभे राहिले. जमनाबाईचे दात वाजत होते.

“दादा, हळद भिजली व्हय?”

“भिजली थोडी.” त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून तिला दिला. “कोंबडी?”

“बसून हाय.”

“मंग झालं.”

खरं सांगायचं तर मला भिजलेल्या हळदीचं वाईट वाटत होतं आणि तिचा राग आला होता. आणि रागाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. माझ्या हातून इतकी कामं होतात. पण एकाच गोष्टीला पाठ टेकून, बाकीचं सगळं वाऱ्यावर सोडून, मी कधी बसले होते? मुलाच्या तापात बसले होते का? तेव्हाही मी डबे आवरत होते. हे मी आज पांढरीसमोर उभी राहून लिहीत नाही; बसूनच लिहितेय. पण पाय हलतोच आहे.

पाचांतली दोनच निघाली. पहिल्या अंड्याला तडा गेला तेव्हा आम्ही दोघी डाल्यापुढे उकिडव्या. आतून चोच ठकठक करायची, थांबायची. थांबली की आम्ही आणखी पुढे वाकायचो.

“जरासं कवच काढून देऊ का?” तिनं विचारलं.

“नको. आतल्या शिरा तुटतात.” असं म्हणताना माझीच नखं कवचाकडे निघाली होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. पिल्लू निघालं ते ओलं, काळं, आणि मानेवर लव नाही. नुसती गुलाबी कातडी, जणू कुणी त्याचा मफलर काढून घेतलाय. जमनाबाई त्याला बघून आपल्या बोलीत काहीतरी बोलली. मला अर्थ कळला नाही आणि मी विचारलाही नाही.

पावसाळ्यात त्या दोघांनी आमची गंमत केली. आधी एकानं बांग दिली. फाटकी, मध्येच अडकणारी. आम्ही दुसऱ्याकडे डोळे लावून बसलो. पंधरवड्यात त्यानंही मान ताणली. दोन्ही कोंबडे! जमनाबाई एवढी हसली की तिला ठसका लागला.

“पाच पोरी झाल्या माझ्या याडीला. पोरासाठी किती नवस केले तिनं! आता झाली बघा पोरं. आता झाली, बाई!”

हसता हसता तिनं डोळे पुसले. एक कोंबडा तिच्या दारातून कुत्र्यानं नेला. मग दुसऱ्याला काखेत मारून ती माझ्याकडे आली. “याला तुमच्याकडं घरजावई ठेवा. तिकडं एकटा काय करंल?” आणि तो काळा, उघड्या मानेचा उद्धट प्राणी माझ्या कोंबड्यांत मालकासारखा फिरायला लागला. हे त्याला जावईबापूच म्हणतात.

यंदा हळदीच्या दिवसांत तांबडी परत खुडूक झाली. या वेळी तिला कुणी पाण्यात बुडवलं नाही. तिचीच अंडी तिच्याखाली ठेवली, आणि मी मोबाइलचा उजेड फक्त दोनदा पाडला. पिल्लं निघाली त्यांतली तीन उघड्या मानेची. दोन काळी, एक तांबूस. पूजाचं लग्न दोन आठवड्यांवर होतं. एवढ्याशा पिल्लांत कोंबडी कोणती आणि कोंबडा कोणता, कुणालाही सांगता येत नाही. आणि आईच्या उबेशिवाय ती जगायची नाहीत.

लग्नाच्या दिवशी मी डालं घेऊन तांड्यावर गेले. जमनाबाईनं झाकण उचललं.

“अन् ही तांबडी काहून आणली?”

“तिच्यावाचून ही काय करतील?”

“तुमची हाय ना ती. तुमची चांगली बसणारी.”

“तू दिलेला जावई नाही का माझ्या घरी? असू दे.”

तिनं डाल्याचं सुतळीचं बंधन दोनदा तपासलं.

तांड्यावर लेकीला निरोप देताना बाया गळ्यात पडून, गाऊन रडतात. पूजा सगळ्यांच्या गळ्यात पडत जीपपर्यंत आली. पुसदकडचं सासर, लांबचा रस्ता. ती बसल्यावर डालं तिच्या मांडीवर ठेवलं. आत तांबडी कुरकुरली, पिल्लांनी चिवचिवाट केला. पूजानं रडता रडता डालं उन्हातून आपल्या सावलीत वळवून घेतलं. नवऱ्याकडच्या एका बाईनं नाक मुरडलं. ते मला स्पष्ट दिसलं. जीप सुरू झाली. लेकीला सगळ्या आया सांगतात, पोचलीस की फोन कर. जमनाबाई जीपच्या बाजूनं दोन पावलं पळाली आणि म्हणाली, “कळलं की फोन कर.”

तेव्हापासून उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. पूजाचे फोन येतात. स्वयंपाकाचे, सासूचे, नळाच्या पाण्याचे. जमनाबाई सगळं ऐकून घेते आणि शेवटी विचारते, पिल्लांचं कळलं का? उत्तर येतं, अजून न्हाई. मशीनमध्ये दरम्यान कितीतरी पिल्लं निघाली, लोक घेऊन गेले, मी रेघा ओढल्या. या एका ओळीवर रेघ ओढता येत नव्हती.

काल दुपारी नव्या हळदीत आम्ही दोघी खुरपत होतो आणि तिचा फोन वाजला. मातीच्या बोटांनी तिनं तो कानाला लावला. थोडा वेळ नुसती “हं, हं.” मग तिचं खुरपं खाली पडलं.

“एकानं बांग दिली म्हणती. तांबूस.”

“आणि काळी?”

तिनं फोनमध्ये विचारलं. ऐकलं. माझ्याकडे बघितलं.

“दोघीबी गप हायत म्हणती.”

दोघी, असं ती म्हणाली. मी काही दुरुस्त केलं नाही. अजून दोन-तीन आठवडे तरी पक्कं काही सांगता येणार नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

“गपच असू दे,” मी म्हणाले.

तिनं फोन पदरात बांधला. आम्ही परत खुरपायला बसलो, आणि ओळ संपेपर्यंत दोघींपैकी कुणीही बोललं नाही.